सोफा-कम-गिटार

रेझोनेटर गिटार घरात असली की पाहुण्यांशी काय बोलायचं हा प्रश्न कायमचा मिटतो. साधी लाकडी गिटार कोपऱ्यात उभी असेल तर लोक फार तर 'वाजवता का?' असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पोह्यांवर लिंबू पिळायला लागतात. पण अख्खं अंग पितळेचं, वर निकेलचा मुलामा, पोटावर जाळीचं गोल झाकण आणि उचलायला जावं तर साडेतीन-चार किलो वजन, अशी गिटार दिसली की माणूस थबकतोच. काही जण तिच्यात बघून आधी केस सारखे करतात. एका काकांनी टिचकी मारून 'कल्हई कुठे केलीत?' असं विचारलं. कल्हई आणि मुलामा यांतला फरक मी समजावून सांगेपर्यंत त्यांनी पुण्यात आता कल्हईवाले कसे उरले नाहीत, या विषयावर गाडी नेली होती. आमच्या कामाच्या मावशींचा प्रश्न जास्त व्यवहारी होता : "ताई, ही पितांबरीनं घासायची, की नुसतं ओलं फडकं मारू?"

या सगळ्या प्रश्नांना उत्तरं आहेत. अवघड प्रश्न वाजवणारेच विचारतात : एकाच रेझोनेटरवर कॉर्ड धरून रिदमही वाजवायचा आणि स्लाइडही वाजवायची, हे जमतं का? यावर गिटारवाल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, न जमायला काय झालं? दुसरा म्हणतो, दोन गिटारी घ्या. पहिला तट कंजूष आहे असं दुसऱ्याचं मत. दुसऱ्याला वाजवायची हौस कमी आणि विकत घ्यायची जास्त, असं पहिल्याचं मत. मी पहिल्या तटात आहे. माझ्या मताला तत्त्वाचा आधार आहे. घरात आता कपाटावरसुद्धा जागा उरलेली नाही, हा निव्वळ योगायोग.

मुळात हे वाद्य जन्मालाच आलं ते 'ऐकू येत नाही' या तक्रारीतून. 1920 च्या दशकात गिटारीला ना पिकअप होता ना ॲम्प्लिफायर. नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन सुरू झाले की गिटारवाला फक्त दिसायचा. लॉस एंजलिसमध्ये हवाईयन गिटार वाजवणारा जॉर्ज बीचम हे गाऱ्हाणं घेऊन जॉन डोपेरा या मूळच्या स्लोव्हाक कारागिराकडे गेला. डोपेराने गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन कोन बसवले. लाउडस्पीकरमध्ये असतो तसलाच प्रकार, फक्त विजेशिवाय. तारेची थरथर ब्रिजवरून थेट कोनात आणि कोनातून समोरच्याच्या कानात. 1927 मध्ये 'नॅशनल' या नावाने ही गिटार बाजारात आली. गिटारवाला सगळ्यांना ऐकू यायला लागला आणि बीचम-डोपेरा एकमेकांचं ऐकेनासे झाले. 1928 मध्ये डोपेरा बंधूंनी 'डोब्रो' नावाची वेगळी चूल मांडली. तिथे कोन उलटा बसवला आणि त्यावर आठ पायांचा धातूचा 'स्पायडर' ठेवला. इकडे नॅशनलने एकाच कोनाची गिटार काढली : साडेनऊ इंची कोन आणि त्याच्या टोकावर लाकडाची छोटी चकती. तिचं नाव 'बिस्किट'. तेव्हा कुणी कुणाला 'तुझ्यात बिस्किट आहे की कोळी?' असं विचारताना आढळलं, तर ती गिटारवाली माणसं आहेत असं समजून पुढे जावं.

या कारखान्यांचा हिशेब सरळ होता. ज्याला स्लाइड वाजवायची त्याने चौकोनी मानेची गिटार घ्यावी, मांडीवर आडवी ठेवावी आणि वरून स्टीलची कांडी फिरवावी. ज्याला कॉर्ड वाजवायचे त्याने गोल मानेची घ्यावी आणि नेहमीसारखी छातीशी धरावी. दोन कामं, दोन गिटारी, दोन बिलं. गोल मानेची एकच गिटार घेऊन, बोटात बाटलीचा गळा अडकवून दोन्ही कामं उरकणारं गिऱ्हाईक या हिशेबात नव्हतं. पुढे मंदीत नॅशनलने 'ड्युओलियन' हे पोलादी अंगाचं स्वस्त मॉडेल 32.50 डॉलरला काढलं आणि नेमकं तेच गिऱ्हाईक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतले ब्लूजवाले, ते घेऊन गेलं. त्यांना दुसरी गिटार घ्या असा सल्ला देण्याची कुणाची छाती झाली नसावी.

आता दोन्ही पक्षांच्या मागण्या ऐका. स्लाइड म्हणजे बोटात घातलेली काचेची किंवा धातूची नळी. ती तारांवर अलगद टेकवून सरकवायची. तार खाली फ्रेटला लागता कामा नये. म्हणून स्लाइडला तार उंच हवी, जाड हवी, ताठ हवी. बाराव्या फ्रेटपाशी तारेखाली तीन मिलिमीटर अंतर असलं की स्लाइड खूश. रिदमवाल्या बोटांना तार खाली दाबायची असते. त्यांचं समाधान दोन मिलिमीटरपाशी संपतं. त्याहून उंच तार दाबली की बोटं दुखतात ती दुखतात, शिवाय तार ताणली जाऊन सूर चढतो. बरं, तार खाली घ्यावी तर कॉर्ड लोण्यात पडतात आणि स्लाइड फ्रेटाफ्रेटावर खडखडत जाते. बारीक तारा लावाव्यात तर त्या स्लाइडच्या वजनाने दबतात आणि पोटातल्या कोनालाही पुरेसा दाब मिळत नाही. भांडण अवघ्या एका मिलिमीटरचं आहे. पण मिलिमीटरवरून न भांडणारी माणसं गिटारीच्या नादाला लागत नाहीत.

मराठी मध्यमवर्गाला ही अडचण नवीन नाही. वन रूम किचनच्या दिवसांत आपण सोफा-कम-बेड घेतला, तेव्हाही तो दोन्ही विषयांत कच्चाच होता. दिवसा बसणाऱ्याला टेकायला पाठ मिळायची नाही आणि रात्री झोपणाऱ्याच्या कमरेत मधली फट रुतायची. तरी त्याने मुलांचे अभ्यास, मुलीचं बघणं, गावाकडून आलेल्या मामांची आजारपणं, सगळं काढलं. त्याची परीक्षा तो किती ऐसपैस आहे यावर व्हायचीच नाही. दिवसाची रात्र किती चटकन करता येते, मधे कुणाला उठावं न लागता करता येते का, यावर व्हायची. दोन कामांच्या गिटारीलाही हाच एक पेपर असतो.

तो पेपर सोपा जावा म्हणून गिटार सेटअपला टाकावी लागते. आमचे दुरुस्ती करणारे गृहस्थ राहत्या घराच्या मागच्या खोलीत काम करतात. टेबलावर जुनी सोलापुरी चादर, तिच्यावर तऱ्हेतऱ्हेच्या कानशी आणि भिंतीवर गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या गिटारी.

"स्लाइडसाठी लावायची की कॉर्डसाठी?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीसाठी."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, म्हणजे शिव्या मला दोन्ही हातांच्या."

मग त्यांनी तारा सैल केल्या, झाकणाचे स्क्रू एकेक करून वाटीत काढले आणि जाळीचं झाकण उचललं. आतला कोन मी तेव्हा नीट पाहिला. एवढ्या अवजड गिटारीचा सगळा आवाज ज्याच्यावर उभा आहे, ती वस्तू नखाने चेपेल इतकी पातळ. त्यांनी तो दोन्ही तळव्यांवर तोलून बाजूला ठेवला आणि गिटार उलटी करून हलवली. आतून माझं हरवलेलं पिक आणि शेंगदाण्याचं एक टरफल पडलं. टरफल मी टाकलेलं नव्हतं. पण पुण्यात राहून हे वाक्य मोठ्याने म्हणण्याची सोय नाही.

सगळं परत बसवून त्यांनी तारा चढवल्या. पहिल्या दोन तारा नेहमीपेक्षा जाड, कारण स्लाइडचा मुक्काम बहुतेक तिथेच असतो. बाकीच्या नेहमीच्या. बिस्किटावरच्या खाचांतून कानस हलक्या हाताने फिरली, बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी राहिली, पुन्हा कानस, पुन्हा पट्टी. "अडीच," ते म्हणाले. मी कॉर्ड धरून पाहिले.

"जरा जड जातायत हो."

"स्लाइड घाला."

"जरा आपटतेय."

"सारखीच कुरकुर आहे ना दोन्हीकडे?" त्यांनी हात पुसले. "मग बरोबर लागलीय."

तडजोड बरोबर झाली की नाही, हे तपासायची याहून सोपी रीत मला अजून कुठे सापडलेली नाही. एकच बाजू तक्रार करत असेल तर दुसरीचा वशिला लागलेला आहे असं समजावं.

उंचीचा प्रश्न अडीचवर मिटतो, पण सुरांचा उरतो. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये स्लाइड आडवी टेकवली तर चौथी, तिसरी आणि दुसरी या तीन तारांवरच काय तो मेजर कॉर्ड मिळतो. पहिलीला हात लावायला गेलं की भलतंच वाजतं. म्हणून स्लाइडवाले ओपन जी लावतात. सहावी, पाचवी आणि पहिली तार प्रत्येकी दोन अर्धसूर खाली उतरवायची, की सगळ्या मोकळ्या तारा मिळून जी मेजर होतो. मग पाचव्या फ्रेटवर नळी ठेवली की सी, सातव्यावर डी, आणि निम्मं ब्लूज या तीन मुक्कामांत आटोपतं. स्लाइडची चंगळ होते. मात्र रिदमवाल्या बोटांना कॉलेजपासून पाठ असलेले सगळे कॉर्ड रद्द होतात. बोटं सवयीने जुन्या पत्त्यावर जातात आणि तिथे दुसरंच कुणी राहत असतं.

शिवाय नळी स्वभावाने फार आनंदी. ओपन जीमध्ये ती कुठेही आडवी ठेवा, मेजरच वाजणार. दुःख म्हणून तिला ठाऊक नाही, आणि वाजवायचं तर ब्लूज! मायनर हवा असेल तर बोटांनी धरा, नाहीतर दुसऱ्या तारेला टाळून जा. खरी गंमत तिसऱ्या तारेवर आहे. तिसऱ्या फ्रेटवर कोमल गंधार, चौथ्यावर शुद्ध गंधार. आणि ब्लूजवाल्याला हवा असलेला गंधार या दोघांच्या मधे, तिसऱ्या फ्रेटच्या जरासा पुढे राहतो. तिथे फ्रेट नाही, खूण नाही, कान हाच पत्ता. दरबारीच्या गंधारावरून रात्र रात्र वाद घालणाऱ्यांना हा प्रांत परका वाटायचं कारण नाही. बोटांनी कॉर्ड धरणाऱ्याला ही जागा तार खेचून कशीबशी मिळते. स्लाइडवाला तिथे सहज जाऊन बसतो. रिदमची सगळी गैरसोय या एका जागेसाठी सोसावी, असं माझं मत आहे.

आता ही नळी घालायची कुठल्या बोटात? अनामिकेत घातली तर ताबा छान राहतो, पण कॉर्ड धरायला उरलेली बोटं असून नसल्यासारखी होतात. म्हणून दोन्ही कामं करणारे ती करंगळीत घालतात. तीन बोटं मोकळी राहतात, आणि चहाचा कप धरताना ऐटीत बाहेर राहण्यापलीकडे जन्मात काही न केलेल्या करंगळीवर सगळ्यात नाजूक काम येऊन पडतं. बाकीच्या बोटांना तार फ्रेटच्या अलीकडे दाबायला शिकवलेलं असतं. स्लाइड बरोबर फ्रेटच्या डोक्यावर थांबवावी लागते, अलीकडे राहिली की बेसूर. म्हणजे एकाच हाताची तीन बोटं एका नियमाने चालतात आणि चौथं दुसऱ्या. त्यातून स्लाइडच्या मागे राहिलेल्या बोटांनी तारांवर हलकेच टेकून राहायचं असतं, नाहीतर मागचा तारेचा तुकडा स्वतःचं वेगळं गाणं सुरू करतो. पितळी नळीचा सूर लांबतो, पण अडीच मिलिमीटरवर ती जड पडते. काचेची हलकी नळी अशा गिटारीला मानवते. लांबीलाही आखूड बरी, तीन-चार तारा झाकतील एवढी. लांब नळीने करंगळी वाकवताच येत नाही. जुने वादक बाटलीचा गळा कापून, कडा घासून तो बोटात घालत, हे मी सासूबाईंना कौतुकाने सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि बाटली रिकामी कोण करायचं?" ब्लूजचा बराचसा इतिहास या एका प्रश्नात येऊन जातो.

थोरामोठ्यांनी हा पेच कसा सोडवला, असं बघायला जावं तर पुष्कळांनी तो सोडवलाच नाही. बाजूने वाट काढली. टँपा रेडकडे सोन्याचा मुलामा दिलेली तीन कोनांची नॅशनल होती. तो तिच्यावर एकेका तारेतून सुरेख स्लाइड काढायचा आणि रिदमला पियानोवर जॉर्जिया टॉमला बसवायचा. हा टॉम म्हणजे पुढे गॉस्पेल संगीताचे जनक म्हणवले गेलेले थॉमस डॉर्सी. ठेका धरायला इतका मोठा माणूस मिळाल्यावर करंगळीचे हाल कोण करून घेईल? ब्लाइंड बॉय फुलर दुसऱ्या टोकाला : हातात नॅशनल, पण काम बहुतेक सगळं बोटांचं. 1985 च्या 'ब्रदर्स इन आर्म्स'च्या कव्हरवर ढगांपुढे जी गिटार तिरकी चमकते, ती मार्क नॉफ्लरची 1937 सालची नॅशनल. आमच्या पिढीने ती कॅसेटवर काडेपेटीएवढी पाहिली आणि तेवढ्यावरच प्रेमात पडली. 'रोमिओ अँड ज्युलिएट' त्याने वाजवलं तेही तिच्यावरच, पण नळीशिवाय. आणि बी. बी. किंग! बुका व्हाइट हा त्याचा नात्यातला भाऊ, स्लाइडमधला दादा माणूस. तसं वाजवायला बी. बी. किंगची बोटं काही वळेनात. मग त्याने नळी सोडली आणि तोच थरथरता सूर नुसतं बोट हलवून काढायचा नाद घेतला. त्या हलणाऱ्या बोटावर त्याने जग जिंकलं. न जमण्याचा इतका घसघशीत मोबदला फार थोड्यांना मिळतो.

पेच खरोखर सोडवला तो बुका व्हाइट आणि सन हाउस यांनी. सन हाउस 1964 मध्ये रॉचेस्टर शहरात लोकांना पुन्हा सापडला, तेव्हा साठी गाठलेली होती आणि वाजवणं कधीच सुटलेलं होतं. त्यानंतरच्या फिल्म्स उपलब्ध आहेत. त्या आवाज बंद करून एकदा जरूर बघाव्यात. आपण सगळे डाव्या हाताकडे, त्या नळीकडे बघत बसतो. खरी करामत उजव्या हातात चालू असते. हात तारांवर आपटतोय, उसळतोय, तारा खेचून सोडतोय, आणि खालच्या तारांवरचा ठोका काही केल्या सुटत नाही. गाण्याची ओळ संपली की उरलेल्या फटीत स्लाइड किंचाळून जाते आणि पुन्हा ठोका आहेच. डावा हात या वेळी कॉर्डवरून स्लाइडवर गेला, थोडा चुकला, सावरला, याचा कानाला पत्ताही लागत नाही. अंगठा थांबलेला नसतो ना! बुका व्हाइटचं 1940 चं रेकॉर्डिंग ऐकावं. साथीला वॉशबोर्डवाला आहे, पण गिटारीतच इतका ठेका भरलाय की त्या बिचाऱ्याला करण्यासारखं थोडंच उरतं. डाव्या हाताचं सगळं भांडण या लोकांनी उजव्या अंगठ्यावर सोपवून मिटवलं. मिलिमीटर, तारा, ट्यूनिंग हे सगळं ठीक आहे. ठोका सुटला तर अडीचवर लावलेली गिटारही दोन कामं करत नाही, नुसती दोनदा थांबते.

आपल्याकडची मंडळीही वेगळ्या रस्त्याने याच मुक्कामाला पोचली. ताउ मो हा हवाईयन वादक कुटुंबकबिल्यासह 1940 च्या दशकात कलकत्त्यात राहिला, तिथे मांडीवरची गिटार रुजली. पुढे रेडिओवरच्या रिकाम्या मिनिटांत तिच्यावरच्या फिल्मी धुना ऐकत आपण मोठे झालो. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग आणला. त्यांची गिटार असलेलं 1967 चं 'कॉल ऑफ द व्हॅली' अजून घराघरांत आहे. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी तिला चिकारी आणि तरफेच्या तारा देऊन मोहनवीणा केली आणि 1994 मध्ये राय कूडरबरोबर ग्रॅमी मिळवलं. डावा हात मींडेत रमलेला असताना 'झाला'चा ठेका चालतो तो त्या चिकारीवर, उजव्या हाताने. कॉर्डचा संबंधच नाही. मिसिसिपीत अंगठा, जयपुरात चिकारी. रिदमचं खातं दोन्हीकडे उजव्या हाताकडेच.

तरीही दुसरी गिटार घ्यावी असं मधूनमधून वाटतंच. एक खाली लावलेली, नेहमीच्या ट्यूनिंगची. दुसरी उंच, ओपन जीची. दोन्ही आपापल्या कामात तरबेज. पण ब्लूजमध्ये प्रश्न आणि उत्तर एकाच ओळीत येतात : अर्धी ओळ ठेका, अर्धी ओळ स्लाइड. ओळीच्या मधोमध एक गिटार खाली ठेवून दुसरी गळ्यात अडकवणारा वादक मी तरी पाहिलेला नाही. दोन उत्तम गिटारींमधून ते गाणं निघत नाही, एका कुरकुरणाऱ्या गिटारीतून निघतं. हा मुद्दा बिनतोड आहे. फक्त तो घरात बोलून दाखवू नये. दसऱ्याच्या सेलमध्ये एखादी झकास चौकोनी मानेची गिटार दिसते, आपण सहज म्हणून तिची किंमत विचारतो, आणि नवरा हाच मुद्दा शब्द न चुकता, दुकानदारासमोर, आपल्यापेक्षा चांगल्या ठेक्यात म्हणून दाखवतो.